वाटाड्याला न कळलेला शब्द

डोळे मिटू नका. डोळे मिटून कल्पना करायला बसलं की झोप येते. उघड्या डोळ्यांनीच करू या.

समजा, आजपासून पंधरा-सोळा वर्षं उलटून गेली आहेत. तुमच्यातल्या कुणाला मिशी फुटली आहे, कुणाचं लग्न ठरलं आहे. डोंगरात मोरखिंड नावाचं एक गाव आहे. गावाच्या डोक्यावर पठार, पठारावर पवनचक्क्या. गावात एक सरकारी दवाखाना आहे. तीन खोल्या, एक व्हरांडा, पुढे मातीचं अंगण आणि अंगणाच्या टोकाला लोखंडी फाटक. व्हरांड्याच्या खांबावर एक पांढरी पेटी बसवलेली दिसते का? जेवणाच्या डब्याएवढी. तिला डोळे नाहीत, फक्त कान आहेत. कारण त्या काळात दवाखान्यात कॅमेरा लावायला कायद्यानं बंदी होती. कोण कशासाठी डॉक्टरांकडे आलं, हे दुसऱ्यानं का पाहावं?

वाट दाखवतो त्याला वाटाड्या म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही पेटी वाट किती पाहावी लागेल ते सांगत असे, म्हणून गावातल्या कुणीतरी तिला वाटाड्या म्हटलं आणि तेच नाव पडलं. माणूस पायरी चढून म्हणे, ‘आलो बाबा, खोकला आहे’, की वाटाड्या रांगेत एक माणूस वाढवी; डॉक्टरांनी पुढच्याला बोलवायची घंटा वाजवली, की एक कमी करी. पेटीवर एक छोटी पट्टी होती. तिच्यावर आकडे उमटत: रांगेत किती माणसं, आणि आता येणाऱ्याला किती वेळ थांबावं लागेल. घरबसल्या फोनवरही तेच कळे. पूर्वी लोक सकाळी आठला येऊन दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसत. वाटाड्या आल्यावर ते आपल्या वेळेला येऊ लागले. यंत्र चांगलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याला हे कसं कळत असेल? मूठभर ज्वारी घ्या आणि फरशीवर उधळा. नंतर झाडून घ्या म्हणजे झालं. एका फरशीवर दोन दाणे पडतील, एकीवर चार, आणि कितीतरी फरश्या रिकाम्या राहतील. तू इथे पड, असं दाण्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दवाखान्यात येणारी माणसंही अशीच असतात. तासाला सहा जण येतात याचा अर्थ दर दहा मिनिटांनी एक येतो असा नाही. तिघं एकदम येतील, मग अर्धा तास कुणीच नाही. पण मूठ केवढी आणि फरश्या किती, हे माहीत असेल तर किती फरश्या रिकाम्या राहतील याचा अंदाज आधीच सांगता येतो. कोणत्या राहतील ते सांगता येत नाही, किती राहतील ते येतं. गणितात याला संभाव्यतेचं वितरण म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट ज्वारीचीच आहे.

आता एक माणूस आल्यापासून दुसरा येईपर्यंतचा वेळ मोजत बसा आणि त्याचं चित्र काढा. छोटे वेळ पुष्कळ, मोठे थोडे, फार मोठे क्वचित. चित्र घसरगुंडीसारखं दिसेल. या घसरगुंडीची एक खोड आहे, तिला आठवण नसते. ल्यूडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. बारा वेळा फासा टाकला, सहा आला नाही. मग तेराव्या वेळी सहा यायची शक्यता वाढली का? मुळीच नाही. आपण किती वेळ वाट पाहिली हे फाशाला माहीतच नसतं.

सगळीच वाट अशी नसते. बाळाची वाट वेगळी. डॉक्टर तारीख देतात, बहुतेक बाळं त्या तारखेच्या आगेमागे येतात, आणि त्यांचं चित्र टेकडीसारखं दिसतं. टेकडीला आठवण असते. आठ महिने झाले म्हणजे आता फार दिवस उरलेले नसतात.

टेकडी आणि घसरगुंडी, दोन्ही लक्षात ठेवा. गोष्टीत दोन्ही लागणार आहेत.

मोरखिंडीपासून वर दोन किलोमीटरवर शेलारांची वस्ती होती. तिथे समृद्धी नावाची अकरा वर्षांची मुलगी राहायची. सगळे तिला समू म्हणत. तिचे बाबा पठारावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला असत आणि आठवड्यातून एकदा घरी येत. आईचं नाव प्रणाली. आईला आठवा महिना संपत आला होता.

ते मे महिन्याचे दिवस होते. समू सकाळीच करवंदं तोडायला निघाली आणि दारातून ओरडली, “आई, जाते गं.”

“जाते नाही,” आई आतून म्हणाली. “येते म्हण.”

हे रोजचं होतं. समूला त्यात काही अर्थ दिसत नसे. जायचंय तर जाते म्हणावं, आल्यावर आले म्हणावं. पण आईपुढे वाद घालण्यात वेळ गेला तर करवंदं दुसरी मुलं नेतील, म्हणून ती “येते, येते” म्हणून पळाली.

अकराच्या सुमाराला तिचा टोप भरला. त्यातली थोडी पळसाच्या पानात बांधून ती दवाखान्यात गेली, कारण डॉक्टर मुजावर मॅडमना करवंदं फार आवडत. खांबावरच्या पट्टीवर आकडा होता: वाट १ तास ५५ मिनिटं. समूनं व्हरांड्याकडे पाहिलं. बाक रिकामं. आत मॅडम टेबलाशी एकट्या बसल्या होत्या आणि आवळे सिस्टर खिडकीत उन्हाला गाद्या टाकत होत्या.

मॅडमनी पुडी उघडून एक करवंद तोंडात टाकलं. समूनं विचारलं, दोन तासांची रांग कुठे आहे? सिस्टर म्हणाल्या, महिन्यापूर्वी जिल्ह्यानं याचं डोकं बदलून नवं बसवलं, तेव्हापासून हा असाच चालला आहे. सकाळी दहा-बारा जण आले, औषध घेऊन गेले, तरी याच्या हिशेबानं ते सगळे इथेच आहेत. मग फोनवर दोन तासांचा आकडा बघून पुढचे लोक येतच नाहीत.

समू घरी पोचली तेव्हा घराला कडी होती. शेजारच्या काकूंनी सांगितलं, तुझ्या आईच्या पोटात दुखायला लागलं. फोनवर विचारलं तर वाटाड्या म्हणाला, इथे फार वाट आहे, तालुक्याला जा. जीप मिळाली, गेली.

तालुक्याचं गाव चौतीस किलोमीटरवर होतं आणि मध्ये घाट. समू पायरीवर बसली. तो रस्ता तिला माहीत होता. दोन वर्षांपूर्वी मोरखिंडीत डॉक्टरच नव्हते, तेव्हा आई अशीच जीपमधून गेली होती. दवाखाना येण्याआधी, साखर कारखान्याच्या फाट्यापाशी बाळ आलं होतं. ते राहिलं नाही. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. त्यानंतर चार महिन्यांनी मुजावर मॅडम गावात आल्या.

आई चार वाजता परत आली. काही झालं नव्हतं, नुसतीच कळ होती. पण ती आल्या आल्या आडवी झाली. समूनं पाणी दिलं तेव्हा एवढंच म्हणाली, की फाटा आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

समूनं तिला सांगितलं नाही, की त्या वेळी मॅडम करवंदं खात बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात समूला आणखी एक गोष्ट कळली. जिल्ह्याच्या कार्यालयातून पत्र आलं होतं. वाटाड्याचे आकडे रोज आपोआप तिकडे जात. त्या आकड्यांनुसार मोरखिंडीत तासाला साडेअकरा माणसं येत होती आणि डॉक्टर तपासत होत्या सहाच. निम्मे लोक न तपासता परत जातात, आणि डॉक्टरांची घंटा निम्मा वेळ गप्प असते, असा याचा अर्थ कार्यालयानं काढला होता. तेव्हा एक जूनपासून इथली बाळंतपणाची खोली बंद करावी आणि डॉक्टरांना तालुक्याला घ्यावं, असा विचार होता. महिन्याच्या शेवटच्या सात दिवसांचे आकडे पाहून पक्कं ठरणार होतं.

आईची तारीख होती पाच जून.

मॅडमनी कार्यालयाला दोनदा कळवलं होतं, की एवढी माणसं येत नाहीत. उत्तर आलं, यंत्र चौदा भाषा शिकलेलं आहे आणि त्याची चूक शंभरात दोनच्या वर जात नाही. आपल्याकडे वेगळी मोजणी असल्यास पाठवावी. मॅडम आणि सिस्टर दोघीच. त्या तपासणार की मोजणार?

समू म्हणाली, मला सुट्टी आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती वही घेऊन पायरीवर बसली. आईला तिनं दवाखान्यात बरोबर नेलं, कारण ऊन चढायच्या आधी चालणं चांगलं, असं मॅडमनीच सांगितलं होतं. आई आतल्या खोलीत पाय लांब करून बसे आणि सिस्टरना कापडाच्या घड्या घालून देई. समूनं वहीत दोन रकाने पाडले, ‘आले’ आणि ‘गेले’. एका माणसाला एक रेघ. दर तासानं ती वाटाड्याच्या पट्टीवरचा आकडाही लिही. तो तिच्या आकड्याशी जुळला नाही, की समोर लिही: चूक.

सोमवारी चूक. मंगळवारी चूक. बुधवारी एवढ्या चुका, की पान भरलं. दुपारपर्यंत समूच्या हिशेबात बावीस माणसं आली, वाटाड्याच्या हिशेबात बेचाळीस. आणि गुरुवारी एकही चूक नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचा आणि वाटाड्याचा आकडा तंतोतंत एक.

“गुरुवार करतो वाटतं,” सिस्टर म्हणाल्या. “उपासाला डोकं चांगलं चालतं काहींचं.”

समूला हसू आलं, पण ती विचार करत राहिली. गुरुवारी वेगळं काय होतं? गुरुवारी मुजावर मॅडम आजूबाजूच्या वाड्यांवर जात आणि दवाखान्यात दातांचे डॉक्टर चिवटे येत. माणसं तशीच येत, त्याच पायरीवरून, त्याच खांबासमोरून. मग वाटाड्या शहाणा कसा झाला?

पुढच्या गुरुवारी ती खांबाच्या अगदी जवळ बसली. माणसं येताना बोलत होती, कण्हत होती. जाताना मात्र सगळी मुकी. डॉक्टर चिवटे दात काढत आणि त्या जागी कापसाचा बोळा दाबून ठेवायला सांगत. अर्धा तास तोंड उघडायचं नाही. माणसं गाल धरून, मान हलवून निघून जात.

दुपारी तात्या शेलार आले. हे समूच्या वस्तीतले सर्वांत म्हातारे. त्यांचे दात हलत होते, पण डॉक्टरांनी पाहून सांगितलं, अजून काढायला नकोत. तात्या खूश होऊन बाहेर आले, पायरीवर वळले आणि नेहमीसारखे म्हणाले, “बरं डॉक्टर, येतो.”

पट्टीवर दोनाचे तीन झाले.

समू उठून उभी राहिली. अंगणात फक्त तात्या होते आणि ते फाटकाकडे चालले होते. नवीन कुणीही आलेलं नव्हतं. तिनं वहीत चूक असं लिहिलं, मग ते खोडलं आणि त्या जागी एक शब्द लिहिला: येतो.

तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. पुन्हा येईन, असा त्याचा अर्थ. ‘जातो’ म्हटलं तर ते कायमचं जाणं वाटतं. हे तुम्हाआम्हाला कुणी वर्गात शिकवलं नाही, दारातच शिकवलं. वाटाड्याला हे दार माहीत नव्हतं. ‘येतो’ म्हणजे हा माणूस येणार आहे, असं तो धरून चाले. एक माणूस आला की एक, आणि तोच निरोप घेऊन गेला की आणखी एक येणार. माणसं जितकी घरंदाज, तितकी रांग लांब.

आता तुम्ही म्हणाल, तो येणारा माणूस तासभर आला नाही, तर वाटाड्यानं त्याचं नाव सोडून द्यायला नको का? इथे आपली घसरगुंडी येते. घसरगुंडीला आठवण नसते. तात्या दहा मिनिटं आले नाहीत की तासभर आले नाहीत, वाटाड्याच्या लेखी दोन्ही सारखंच. अजूनही कुठल्याही क्षणी येतील. दवाखाना बंद होईपर्यंत तो असे न येणारे पाहुणे सांभाळत बसे.

एवढ्यानं पाच मिनिटांची वाट दोन तासांची कशी होईल, असंही कुणी विचारेल. मॅडम एका माणसाला सरासरी पाच मिनिटं देत. म्हणजे तासाला बारा माणसं होऊ शकतात. खरी येत सहा. अशा वेळी प्रत्येकाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. येणारे नऊ झाले, तर पंधरा मिनिटं. अकरा झाले, तर पंचावन्न. आणि साडेअकरा झाले, तर एक तास पंचावन्न मिनिटं. माणसं दुपटीनंही वाढली नाहीत, वाट तेवीसपट झाली. बादली काठोकाठ भरत आली, की शेवटचा तांब्या सगळ्या न्हाणीभर पाणी करतो, तसं हे आहे. मोरखिंडीत येणारे सहा होते. बारातले अकरा जण ‘येतो’ म्हणून जात. सहाचे साडेअकरा अगदी बरोबर होतात.

समूला हा हिशेब तेव्हा येत नव्हता. तिला एवढंच माहीत होतं, की चूक कुठे आहे.

शनिवारी जिल्ह्याहून जोगळेकर नावाचे इंजिनियर आले. तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी पेटी उघडली, तपासली, बंद केली. मॅडमनी समूची वही पुढे केली. ती त्यांनी आदरानं चाळली. मग म्हणाले, मुलीनं मोजलंय छान, पण यंत्राचे कान उत्तम आहेत, प्रत्येक शब्द नीट ऐकतात. समूनं ‘येतो’ची गोष्ट सांगितली. ते हसले आणि म्हणाले, एवढी साधी गोष्ट आमच्या नजरेतून सुटली असती का? मॅडमनी चहा घ्या म्हटलं, तर त्यांनी घड्याळ दाखवलं. पिशवी खांद्याला लावून ते पायरीवर वळले.

“बरंय मॅडम, येतो मी.”

समूनं नुसती पेन्सिल वर करून पट्टी दाखवली. तिनाचे चार झाले होते.

जोगळेकर पट्टीकडे बघत राहिले. मग ते सावकाश पुन्हा म्हणाले, “येतो.” चाराचे पाच. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि बाकावर बसले. त्यांची गाडी त्या दिवशी चुकलीच.

चहा घेताना त्यांनी सांगितलं, की याचं शिक्षण मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत झालं. तिथे कुणी कुणाचा निरोप घेत नाही. औषध घेतलं की माणूस फोनकडे बघत चालू लागतो. त्यामुळे निघताना काय म्हणतात, हे यानं कधी ऐकलंच नव्हतं.

दुरुस्तीला किती दिवस लागतील, असं मॅडमनी विचारलं. शिकवायला दोन दिवस आणि परवानगीला दीड महिना, असं उत्तर आलं. आणि सोमवारपासून ते शेवटचे सात दिवस सुरू होत होते. मी अहवाल देईन, जोगळेकर म्हणाले, पण तिकडे बैठकीत आकडेच बघतात. सात दिवस आकडे बरोबर आले पाहिजेत. मग त्यांना एक सोपा उपाय सुचला. तोपर्यंत व्हरांड्यात आठ-दहा माणसं जमली होती, त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, सात दिवस निघताना सगळ्यांनी ‘जातो’ म्हणा. ते याला बरोबर कळतं.

तात्या शेलार काठीवर हात ठेवून बसले होते.

“दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून जातो म्हणायचं?” ते म्हणाले. “माझ्या वयाच्या माणसानं? साहेब, तुमचं यंत्र सुधारंल, पण माझी म्हातारी मला घरात घ्यायची नाही.”

लोक हसले, पण कुणी ‘जातो’ म्हणायला तयार झालं नाही. कुणी सुचवलं, काहीच बोलू नये. त्यावर पारूबाई म्हणाल्या, मॅडमनी माझ्या नातवाला दोन रात्री जागून बरं केलं, त्यांच्या दारातून मी दातवाल्यासारखी मुकाट जाऊ? ते काही जमायचं नाही.

समूनं जोगळेकरांना विचारलं, याचे कान कुठपर्यंत पोचतात?

ते म्हणाले, वीस पावलं.

समू उठली आणि खांबाला पाठ लावून उभी राहिली. तिथून तिनं फाटकाच्या दिशेनं पावलं मोजली. आपली पावलं लहान, म्हणून वीसच्या ऐवजी तीस. तिथे तिनं सिस्टरकडून चुन्याचा डबा आणून कबड्डीला आखतात तशी आडवी रेघ मारली.

“इथपर्यंत गप्प यायचं,” ती म्हणाली. “आणि इथून पुढं किती पण वेळा येतो म्हणा.”

सोमवारी सकाळी गाव कामाला लागलं. औषध घेतलेला माणूस ओठ मिटून पायरी उतरे, अंगण ओलांडून रेघ पार करी आणि मग वळून मोठ्यानं हाक देई, “येतो हो मॅडम!” सिस्टर खिडकीतून हात हलवत. पहिल्या दिवशी नऊ चुका झाल्या. त्यातल्या तीन एकट्या पारूबाईंच्या, कारण एकदा चुकून ‘येते’ तोंडातून गेल्यावर त्या ‘अगं बाई, येते म्हणाले का मी’ म्हणाल्या आणि ते सिस्टरना सांगायला जाऊन पुन्हा म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पदराचं टोक दातांत धरून अंगण ओलांडू लागल्या. मंगळवारी पाच चुका, बुधवारी दोन. गुरुवारी दातांचा दिवस, त्या दिवशी प्रश्नच नव्हता. लहान मुलांना तर हा खेळच मिळाला. काही उगाच खोकला काढून येऊ लागली, तेव्हा मॅडमनी त्यांना कडू औषध दाखवलं.

आकडा खाली आला, तशी फोनवरची वाटही कमी झाली. मग न येणारे लोक येऊ लागले. शुक्रवारी बाकावर बसायला जागा नव्हती, तरी वाट होती दहा मिनिटं, आणि ती खरोखरच दहा मिनिटं होती. समूच्या वहीत शनिवार-रविवारी एकदाही चूक लिहावी लागली नाही.

एकतीस तारखेला आकडे गेले. एक जूनला पत्र आलं नाही. दोनला आलं नाही. तीन तारखेला मॅडमनी कार्यालयात फोन केला, तेव्हा पलीकडून सांगितलं, की मोरखिंडीचा विषय बैठकीत निघालाच नाही, सगळं व्यवस्थित असलेल्या गावांचा निघत नाही. सिस्टरनी बाळंतपणाच्या खोलीतल्या चादरी पुन्हा एकदा धुऊन वाळत घातल्या. आईनं त्यांच्या घड्या घातल्या.

पाच तारीख आली आणि गेली. समू कासावीस झाली. आई म्हणाली, तारीख म्हणजे काय गाडीची वेळ आहे का? पण तिचंही लक्ष कुठे लागत नव्हतं. ही टेकडीची वाट. एकेक दिवस मागे पडतो, तसा पुढचा दिवस जवळ ओढला जातो. बाबा पठारावरून रजा काढून आले.

सात तारखेला सकाळी दहा वाजता आईनं समूला सांगितलं, चल, वही घे. जीपनं दोन किलोमीटर खाली यायला सात मिनिटं लागली. आई पायरी चढली, खांबाला धरून थांबली आणि म्हणाली, आले मी. वाटाड्याच्या पट्टीवर तिनाचे चार झाले. समूनं वहीत ‘आले’च्या रकान्यात एक रेघ मारली. आकडा जुळला.

मॅडमनी आईला हाताला धरून आत नेलं. बाबा पिशवी घेऊन मागे गेले आणि सिस्टरनी त्यांना दाराबाहेरच थांबवलं. बाळंतपणाच्या खोलीच्या उंबऱ्यावर आई क्षणभर थांबली आणि मागे वळली. तिचा चेहरा घामानं भिजला होता. तिनं समूला शोधलं.

“समू, येते गं,” ती म्हणाली.

दार बंद झालं. उंबऱ्यापासून खांब सहा पावलांवर होता. पट्टीवर चाराचे पाच झाले.

सिस्टर गरम पाणी घेऊन चालल्या होत्या, त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाल्या, लिही, चूक.

समूनं पेन्सिल टेकवली. मग ती थांबली. पाच या आकड्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं. आतून मॅडमचा शांत आवाज येत होता, आणि आईचा.

तिनं चूक लिहिलं नाही. ‘आले’च्या रकान्यात तिनं आणखी एक रेघ मारली, तिच्यापुढे नावापुरती जागा मोकळी सोडली, आणि वही मांडीवर उघडी ठेवून ती पायरीवर बसून राहिली.